ज्येष्ठांच्या संकुलात जायचं का? दोघांपैकी मागे राहील त्याच्या बाजूनं बघा

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. यजमान ७२, तुम्ही ६८, लग्नाला ४४ वर्षं झाली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, घर तुम्ही सांभाळलंत. नाशिकला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा कॅनडात, मुलगी बेंगळुरूत. यजमानांनी पुण्याजवळचं ज्येष्ठांचं एक संकुल बघून ठेवलंय आणि नाशिकचं घर विकून तिथे वन बीएचके घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंय. तुमचं म्हणणं, हातपाय चालताहेत तोवर इथेच बरं. विषय निघाला की वाद होतो, आणि तुम्ही विचारताय की दोघांत कोणाचं बरोबर.

मी पुण्यात अशा संकुलांच्या व्यवस्थापनात बरीच वर्षं काम केलं. आता राहायला येऊ पाहणाऱ्या जोडप्यांशी आधी बोलून घेण्याचं काम करते. त्या अनुभवावरून माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. जायला हरकत नाही. पण नाशिकचं घर विकून नाही, वन बीएचकेत नाही, आणि 'आपण दोघं' एवढाच हिशेब धरून तर अजिबात नाही. असं घर दोघं मिळून घेतात, पण त्यातली शेवटची काही वर्षं तिथे एकच जण राहतो. बायको वयानं लहान असते आणि बायका जगतातही जास्त, त्यामुळे बहुतेक वेळा ती बाईच असते. म्हणजे जिला पुढेमागे तिथे एकटीनं राहावं लागेल तिलाच आज जायचं नाहीये. तुमच्या नकाराला त्यामुळे माझ्या लेखी जास्त वजन आहे. आणि त्याच कारणासाठी नुसतं 'नको' म्हणून तुम्हीही थांबू नका, कारण एकटीनं राहायची वेळ आली तर दुसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर तुमच्या काही कामाचं नाही.

यजमानांना का जायचंय हे त्यांनी तुम्हाला 'सोय' या शब्दात सांगितलं असेल. नळ गळतोय, टाकी साफ करायचीय, लाइट गेली, हे सगळं नको. यात खोटं काही नाही, पण पुरुषांशी एकट्यानं बोललं की निराळं कारण निघतं. रात्री आपल्याला काही झालं तर ही एकटी काय करेल, किंवा हिला काही झालं तर मी काय करू, मला तर चहापलीकडे काही येत नाही. ही भीती ते बायकोला सांगत नाहीत, त्याऐवजी संकुलाचं माहितीपत्रक पुढे करतात. बायकांचा विरोध वेगळ्या जागेवरून येतो. तुमची भिशी, भजनी मंडळ, वीस वर्षं येणारी कामवाली, खालच्या मजल्यावरच्या वहिनी, ओळखीचा भाजीवाला. निवृत्तीनंतर नवऱ्याचं ऑफिस सुटलेलं असतं, त्यामुळे गाव सोडताना त्याचं फारसं काही सुटत नाही. तुमचं सगळं सुटतं. तेव्हा एकदा बसा आणि सोय, वातावरण, हवा हे शब्द बाजूला ठेवून 'तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते' एवढंच त्यांना विचारा. मग तुमची सांगा. जोडप्यांपैकी निम्म्यांचा वाद एवढ्यानं मवाळ होतो असं मी पाहिलंय.

आता तिथलं रोजचं आयुष्य. सगळ्यात मोठा बदल स्वयंपाकघराचा, आणि माहितीपत्रकात त्याला एक ओळ असते: 'सात्त्विक, घरगुती जेवण.' सकाळी आठला नाश्ता, साडेबाराला जेवण, चारला चहा, साडेसातला रात्रीचं जेवण, साधारण असं वेळापत्रक असतं. आयुष्यभर रात्री झोपताना 'उद्या भाजी कसली' हा विचार केलेल्या बाईला पहिले पंधरा दिवस माहेरी आल्यासारखं वाटतं. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. पोळी गार, आमटी पाणचट, तिखट नावाला, वांगं आठवड्यातून तीनदा. शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक, त्यातल्या निम्म्यांना रक्तदाब आणि तितक्यांना मधुमेह, तो असाच होणार. मजेची गोष्ट अशी की नवरा भोजनगृहात आमटीला नावं ठेवायला लागला की बायको सवयीनं उत्तर द्यायला लागते, 'आज जरा घाईत झालंय वाटतं.' आमटी तिनं केलेली नसते!

यातून दोन वाटा फुटतात. काही बायका खरोखर मोकळ्या होतात. पेटी शिकतात, सकाळी फिरायला जातात, दुपारी झोपतात, संस्कृतच्या वर्गाला बसतात. काहींचं मात्र घरातलं वजन ओट्यावर उभं होतं. तो ओटा गेला की आपण कशासाठी इथे आहोत हेच त्यांना कळेनासं होतं. तुम्ही कोणत्या गटात आहात हे तुम्हालाच माहीत. म्हणून फ्लॅटमध्ये छोटं का होईना स्वयंपाकघर आहे का, गॅस चालतो की फक्त इंडक्शन, दोन वेळच्या जेवणाचे पैसे सक्तीचे आहेत की कूपनवर, हे आधी विचारा. रात्रीचं जेवण घरी आणि दुपारचं भोजनगृहात, ही विभागणी बऱ्याच जोडप्यांना मानवते. उपासाच्या दिवशी वरी-साबुदाणा मिळतो का, चातुर्मासात कांदा-लसूण नसलेलं वेगळं करतात का, जेवणाच्या समितीवर रहिवासी असतात का, हेही विचारा. समितीवर जायला मिळालं तर जरूर जा. तिथली खरी सत्ता तीच.

दुसरा बदल म्हणजे चोवीस तास एकमेकांसमोर असणं. नाशिकला यजमान सकाळी बँकेत, भाजीला, कट्ट्यावर जात असतील आणि तुम्हाला दिवसाचे चार तास घर एकटीला मिळत असेल. वन बीएचकेत ते मिळणार नाही. लग्नाला चाळीस वर्षं झालेली माणसं एका खोलीत चोवीस तास राहिली की ज्या गोष्टी कधी जाणवल्या नव्हत्या त्या जाणवायला लागतात. त्यातली पहिली टीव्हीचा आवाज. माझा सगळ्यांना हट्टानं दिलेला सल्ला हा की जायच्या आधी दोघांनीही कान तपासून घ्या, ऑडिओग्राम करा. 'हे माझं ऐकतच नाहीत' या तक्रारीत कितीदा तरी अक्षरशः ऐकू येत नसतं. श्रवणयंत्र लावल्यावर सुधारलेले संसार मी पाहिलेत. समुपदेशकाकडे जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, निदान साधं यंत्र तरी.

म्हणून टू बीएचके. परवडत नसेल तर भाड्यानं टू बीएचके, पण विकत वन बीएचके नको. आज दुसरी खोली घोरण्यासाठी, रात्री तीनदा उठणाऱ्यासाठी, पहाटे साडेचारला रेडिओ लावणाऱ्यासाठी लागते. पुढे ती मदतनिसासाठी लागते. दोघांपैकी एकजण अंथरुणाला खिळला आणि चोवीस तासांची बाई किंवा मावशी ठेवावी लागली, तर ती झोपणार कुठे? वन बीएचकेत ती हॉलमध्ये झोपते, आणि ज्याला काही झालेलं नाही त्यालाही घरात बसायला जागा उरत नाही.

आता जो भाग सगळे टाळतात त्यावर येते. यातली बहुतेक संकुलं 'स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या' ज्येष्ठांसाठी असतात. नर्स असते, डॉक्टर ठरावीक वेळी येतात, रुग्णवाहिका असते, खोलीत बेल असते. पण ते रुग्णालय नाही आणि शुश्रूषाकेंद्रही नाही. करारात कुठेतरी एक कलम असतं की रहिवासी स्वतःची कामं स्वतः करू शकत नसेल तर कुटुंबानं व्यवस्था करावी, किंवा त्याला योग्य ठिकाणी हलवावं. ते कलम शोधा, दोघांनी मिळून वाचा. मग व्यवस्थापनाला सरळ विचारा: माझ्या नवऱ्याला पक्षाघात झाला तर तो इथे राहू शकेल का? मला स्मृतिभ्रंश झाला तर? बाहेरच्या ब्यूरोची मदतनीस ठेवू द्याल का, तिला जेवण मिळेल का, तिचे वेगळे पैसे किती? याच आवारात शुश्रूषेचा मजला आहे का? उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या. 'बघू तेव्हा, आपण माणसंच आहोत ना' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ नाही असा घ्यायचा.

शुश्रूषेचा मजला त्याच आवारात असणं जोडप्याच्या दृष्टीनं किती मोठी गोष्ट आहे हे बाहेरून कळत नाही. एक शुश्रूषेत आणि एक फ्लॅटमध्ये असं झालं, तर लिफ्टनं खाली जाऊन सकाळचा चहा बरोबर घेता येतो. हीच सोय गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर रिक्षानं जाणं-येणं, आणि सत्तरी उलटलेला जोडीदार महिन्याभरात थकतो. मग भेटी दिवसाआड होतात, मग आठवड्यानं. चार दशकांचा संसार असा अंतरानं तुटतो.

आमच्याकडे एक जोडपं होतं. ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलते. ते निवृत्त शिक्षक, त्या गृहिणी. आल्यानंतर दोनेक वर्षांत बाईंना विसरायला व्हायला लागलं. भोजनगृहात त्या दुसऱ्याच्या ताटातली पोळी उचलायच्या, तेच तेच विचारायच्या. लोक वाईट नव्हते, पण हळूहळू त्या टेबलावरचे बाकीचे दुसरीकडे बसायला लागले. मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी डबा खोलीवर मागवायला सुरुवात केली. इथून घसरण सुरू होते, कारण आता आजारी माणसाबरोबर धडधाकट माणूसही कोंडला जातो. त्यांच्यासाठी आम्ही साध्याच गोष्टी केल्या. कोपऱ्यातलं एक टेबल त्यांचं ठरवलं, बारा वाजता म्हणजे गर्दीच्या आधी वाढायला सांगितलं. त्यांच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बसवून आजार समजावून सांगितला. दुपारी मदतनीस बाईंजवळ थांबायची आणि त्या वेळात मास्तरांनी कॅरम खेळायला यायचंच असा दंडक घातला. सुरुवातीला ते यायला तयार नव्हते, बायकोला सोडून खेळायला जाणं त्यांना लाज वाटण्यासारखं वाटे. पुढे तेच कॅरमच्या स्पर्धा भरवायला लागले. संकुल बघायला जाल तेव्हा असं एखादं जोडपं तिथे राहतंय का, ते कसं राहतंय, हे शोधून बघा. पोहण्याचा तलाव नाही बघितला तरी चालेल.

त्यांच्याकडून शिकलेली आणखी एक गोष्ट म्हणजे भाषा. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस लहानपणच्या भाषेवर येतो. त्या बाईंशी हिंदीत बोलणारी नर्स आली की त्या बिथरायच्या, मराठी मावशीजवळ शांत बसायच्या. कोइमतूरकडे फार चांगली संकुलं आहेत, मुलीला बेंगळुरूहून ती जवळही पडतील, आणि कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. पाहुणे म्हणून जाऊन या. पण म्हातारपण काढायला जिथे टेबलावर आपली भाषा ऐकू येते, वाढणाऱ्याला 'अजून थोडं वरण' म्हणता येतं, तिथेच जावं असं माझं मत आहे. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री'सारखे प्रकल्प बरीच वर्षं चालू आहेत, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे. अशा जुन्या ठिकाणांचा फायदा हा की तिथे दहा-पंधरा वर्षं राहिलेले लोक भेटतात. बघायला गेलात की विक्री अधिकाऱ्याला नमस्कार करा आणि बागेतल्या बाकावर बसलेल्या, एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजींशी गप्पा मारा. 'आजोबा गेल्यावर तुमचं इथे काय बदललं?' हे विचारा. त्या अर्ध्या तासात जे कळेल ते दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही.

मी जे पाहिलं ते सांगते. नवरा गेल्यावर बाई थोड्या दिवसांनी भोजनगृहात येते, कुठे बसायचं म्हणून दारात घुटमळते, आणि एकट्या बायकांच्या टेबलावरून कोणीतरी हाक मारतं. पुढचं सुरळीत होतं. अशा संकुलांत एकट्या बायकांची संख्या मोठी असते आणि त्यांचा गट घट्ट असतो. सिनेमा, औषधं, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं मिळून. पुरुषाचं उलट होतं. बायको गेली की तो भोजनगृहात यायचंच बंद करतो, डबा मागवतो, वर्तमानपत्र आणि मोबाइल. पुरुषांना मित्र बायकोमार्फत मिळालेले असतात हे तोवर त्यांना ठाऊक नसतं. तुमच्या यजमानांनी हे जरूर वाचावं. तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी तुमच्याशिवाय एखादा गट धरला पाहिजे, ब्रिज, बागकाम, हिशेब समिती, काहीही.

आणि हेही लपवत नाही की तिथे मृत्यू वरचेवर दिसतो. सूचनाफलकावर निधनाची चिठ्ठी लागते, परवा बरोबर चहा प्यायलेला माणूस आज नसतो. काहींना याची सवय होते, काहींना होत नाही. त्रास होणाऱ्यांनी स्वतःला कमकुवत समजायचं कारण नाही, त्यांनी मिश्र वयाच्या, लिफ्ट असलेल्या साध्या सोसायटीत राहावं. तोही चांगला पर्याय आहे. नाशिकमध्येच लिफ्टच्या इमारतीत, तुमच्या जुन्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घर भाड्यानं मिळतंय का हे तुम्ही दोघांनी बघितलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. भिशी सुटत नाही, जिना सुटतो.

पैशाचं बोलू. इथेही मागे राहणाऱ्याचाच हिशेब मांडायचा. सरकारी नोकराचं निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असतं आणि त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. सुरुवातीच्या काही वर्षांपुरता वाढीव दर असतो, पण यजमानांच्या वयाला तो आता लागू होणार नाही. म्हणजे आज घरात १०० रुपये येत असतील तर उद्या ६० येतील. संकुलाचा खर्च मात्र त्या प्रमाणात खाली येत नाही. जेवण एकाचं होतं, पण देखभाल, सुरक्षा, लिफ्ट, वैद्यकीय सेवा यांचं शुल्क बहुधा फ्लॅटवर असतं. म्हणून विचारा: एकच रहिवासी उरला तर महिन्याचं शुल्क नेमकं किती? दरवर्षी किती टक्के वाढतं आणि ते कोण ठरवतं? त्या आकड्यापुढे तुमचं एकटीचं उत्पन्न मांडा. दहा वर्षांनंतरच्या वाढीसह भागत असेल तरच पुढे जा. शुल्काचे दोन भाग असतात, एक सोसायटीची देखभाल आणि दुसरा सेवा देणाऱ्या कंपनीचा. दोन्हींच्या गेल्या काही वर्षांच्या पावत्या एखाद्या रहिवाशाकडून बघून घ्या.

तुमच्या स्वतःच्या नावावर उत्पन्न हवं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना जो दर असेल तोच मुदतभर राहतो. ८.२ टक्के धरले तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. यजमानांचं खातं असलं तरी तुमचं वेगळं उघडता येतं, वयाची साठी तुम्ही कधीच ओलांडलीय. बँकेची खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीची करून घ्या. आणि यूपीआय, नेट बँकिंग, विम्याची कागदपत्रं, पेन्शनचा हयातीचा दाखला, हे सगळं तुम्ही स्वतःच्या हातानं एकदा करून बघा. 'हे बघतात सगळं' म्हणणाऱ्या, एरवी अतिशय हुशार बायकांना नवरा गेल्यावर पासवर्डसाठी मुलाच्या फोनची वाट बघत बसलेलं मी पाहिलंय.

घर घेण्याच्या तीन तऱ्हा असतात. विकत, भाड्यानं, किंवा मोठी ठेव भरून राहण्याचा हक्क. विकत घेतलं तर फ्लॅट दोघांच्या नावावर हवा. मुलाला तो वारसानं मिळेल, पण वयाची अट असल्यामुळे तो तिथे राहू शकणार नाही. विकताना किंवा भाड्यानं देतानाही माणूस ज्येष्ठच शोधावा लागतो, म्हणून विक्री सावकाश होते. ठेवीच्या पद्धतीत करार दोघांच्या नावानं आहे का, एक गेल्यावर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क आपोआप चालू राहतो का, ठेव परत कधी, किती कापून आणि कोणाला मिळते, हे बघायचं. नाशिकचं घर विकून ते पैसे ठेवीत टाकायचा विचार असेल तर आणखी एक अडचण आहे. ठेव भरणं म्हणजे घर विकत घेणं नव्हे. त्यामुळे विक्रीवरच्या भांडवली नफ्याच्या करात जी सवलत नवं घर घेतल्यावर मिळते ती गृहीत धरू नका, आधी सीएला विचारा.

नवा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघा. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना महारेरानं २०२४ मध्ये वेगळे निकष लावून दिले आहेत. ते विक्री करारात उतरले पाहिजेत. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, अशा स्वरूपाचे ते आहेत. टेप घेऊन जा आणि न्हाणीघराचं दार मोजा. दिवाणखान्याचं दार सगळे रुंद ठेवतात.

नाशिकचं घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं करून द्यायचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल, कारण महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. ते करू नका. मुलगा चांगला आहे हे मान्य. पण घर तुमच्या हातात असेपर्यंत परतीचा रस्ता तुमच्या हातात. त्याऐवजी दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार, ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे. यजमानांनी केलं की झालं असं नसतं, तुमचं वेगळं हवं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आईवडिलांना सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ती अट पाळली नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, आणि अटच लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होतं.

आजारपणात कुठवर उपचार करायचे हेही दोघांनी लिहून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला ('लिव्हिंग विल'; हे मृत्युपत्र नव्हे) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. कॅनडातला मुलगा आणि बेंगळुरूची मुलगी रात्री दोन वाजता फोनवर वाद घालताहेत आणि आई अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलीय, हा प्रसंग या एका कागदानं टळतो. मुलांना जायचं की नाही हे विचारू नका, ठरल्यावर कळवा. मुलं सुटकेच्या भावनेनं पटकन हो म्हणतात, किंवा अपराधी वाटून नको म्हणतात. दोन्हींचा तुमच्या रोजच्या दिवसाशी संबंध नसतो. नातवंडं तीन आठवडे आली तर किती दिवस राहू देतात, पाहुण्यांच्या खोलीचं भाडं किती, एवढं मात्र विचारून ठेवा, कारण दर सुट्टीत तो विषय निघतो.

तर करायचं काय? अशी ठिकाणं आठवडाभर राहून बघायला देतात. आठवड्यात काही कळत नाही, ती सहलच होते. दोन-तीन महिन्यांसाठी भाड्यानं टू बीएचके घ्या, आणि तेही पावसाळ्यात. बागेत फिरता येत नाही, कपडे वाळत नाहीत, सांधे धरतात, वीज जाते, आणि भोजनगृहापर्यंतची वाट ओली असते. अशा दिवसांत माणसं एकमेकांना धरून असतात की आपापल्या खोल्यांत असतात ते दिसतं. नाशिकचं घर कुलूप लावून ठेवा, कामवालीला अर्धा पगार चालू ठेवा म्हणजे तुमच्या मनाला परत यायची धास्ती राहणार नाही. त्या काळात किमान एक आठवडा यजमानांनी मुलीकडे जावं आणि तुम्ही संकुलात एकटीनं राहावं. पुढच्या महिन्यात उलट करा. रात्री एकदा मुद्दाम बेल दाबा आणि कोण किती वेळात येतं ते घड्याळ लावून बघा. दोघांनी आपापल्या वहीत रोज दोन ओळी लिहा, एकमेकांना दाखवू नका, आणि शेवटी वह्या अदलाबदल करा.

तुम्ही एकटीनं काढलेल्या आठवड्याबद्दलच्या ओळी यजमानांना आधी वाचायला द्या. तो आठवडा बरा गेला असेल तर जा, त्याच आवारात भाड्यानं वर्षभर राहा, आणि नाशिकचं घर विकायचा विषय त्यानंतर काढा. बरा गेला नसेल तर लिफ्टवाल्या इमारतीत नाशिकलाच घर शोधा आणि रात्रीच्या भीतीसाठी यजमानांना तिथल्या जवळच्या रुग्णालयाची घरपोच सेवा, शेजाऱ्याकडे किल्ली आणि न्हाणीघरात दांडे एवढं करून द्या. त्यांची भीती खरी आहे, तिची सोय दोन्हीकडे करावी लागेल.